दर आठवड्याला एकच फोटो: हौशी फोटोग्राफरांचा गट कसा जमवायचा आणि चालता कसा ठेवायचा

कॅमेरा घेतला, शनिवार-रविवार भटकंती झाली, हार्ड डिस्क भरत आली आणि आता पुढे काय, हे कळेनासं झालंय. अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. घरचे लोक प्रत्येक फोटोला "छान आलाय" म्हणतात. सोशल मीडियावर टाकलेला फोटो दुसऱ्या दिवशी खाली गेलेला असतो. नवी लेन्स घ्यावी की क्लास लावावा, या विचारात महिने जातात.

माझं ठाम मत आहे की आपल्यासारख्याच पाच-दहा हौशी लोकांना दर आठवड्याला एक ताजा फोटो दाखवायचा आणि त्यांचे फोटो नीट पाहायचे, याने जेवढी नजर तयार होते तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही. आमचा गट पुण्यात जमला. पुढे त्यात नाशिक-कोल्हापूरचे लोक आले, एक ताई अबुधाबीहून फोटो पाठवतात. मोबाइलवाले आहेत, कॅमेऱ्यासोबत मिळालेला जुना किट लेन्स वापरणारे आहेत, लांबचं टिपणाऱ्या पाचशे एमएम लेन्सची तोफ बाळगणारेही आहेत. गट जमणं अवघड नसतं, तो टिकणं अवघड असतं. म्हणून खालच्या बऱ्याच गोष्टी टिकण्याविषयी आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- कुठलाही चालता कॅमेरा किंवा मोबाइल. सुरुवातीला नवं काहीही विकत घेऊ नका.
- फोटोवर काम करायला एक मोफत साधन. मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसं आहे. संगणकावर रॉ फाइलसाठी (म्हणजे कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न करता जपलेल्या कच्च्या फाइलसाठी) डार्कटेबल किंवा रॉथेरपी आणि बाकी कामासाठी गिंप. तिन्ही मोफत आहेत.
- मूळ फाइल ठेवायला हार्ड डिस्क आणि त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे. गूगलची मोफत जागा १५ जीबी असते आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो या सगळ्यांत मिळून असते, त्यामुळे रॉ फाइल टाकायला लागलात तर ती बघता बघता संपते.
- एका पानाचे लेखी नियम. कंटाळा करू नका, हे पान पुढे बरीच भांडणं वाचवतं.

१. माणसं मोजकी घ्या

आठ ते बारा जण उत्तम. पाच असले तर परीक्षांच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत दोनच फोटो येतात आणि गट थंड पडतो. तीस झाले की कोणी कोणाचा फोटो धड पाहत नाही, अंगठ्याचं चित्र टाकून पुढे जातात.

सगळे एकाच पातळीचे हवेत असं नाही. उलट दोन जण थोडे जाणते, दोन अगदी नवखे आणि बाकी मधले, असं मिश्रण चांगलं चालतं. एकच गोष्ट बघा: तो माणूस दुसऱ्याचा फोटो पाहायला वेळ देईल का? फक्त आपला फोटो टाकून गायब होणारा कितीही चांगला फोटोग्राफर असला तरी गटाला त्याचा उपयोग नाही. कोणाला घ्यायचं असेल तर आधी महिनाभर पाहुणा म्हणून घ्या. फोटो न टाकता अभिप्राय देणारा पाहुणा पुढे पक्का सभासद होतो.

२. तीन नियम, तेही कडक

पहिला: आठवड्याला माणशी एकच फोटो. दुसरा: फोटो गेल्या पंधरवड्यात काढलेला हवा. तिसरा: गटात फोटो आणि फोटोविषयीचं बोलणं सोडून काहीही नको. शुभ सकाळ नको, वाढदिवसाचे केक नकोत, सेलमधल्या लेन्सच्या किमती नकोत. गप्पांसाठी हवं तर वेगळा गट काढा.

"एकच" या नियमावर सगळ्यात जास्त कुरकुर होते. "भिगवणला गेलो होतो, फ्लेमिंगोचे सातही फोटो भारी आलेत, एक कसा निवडू?" हाच तर खरा अभ्यास आहे. सात पाठवले की निवडीचं काम पाहणाऱ्यावर ढकललं जातं, आणि पाहणारा ते करत नाही. या बाबतीत आपल्याकडची जुनी उदाहरणं बोलकी आहेत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले सभासद आणि स्वतः उत्तम फोटोग्राफर. त्या सोसायटीच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी लोकांच्या छायाचित्रांचा एक मासिक अल्बम काढला. एका अंकात छायाचित्रं किती? तीन. प्रत्येक प्रिंट हाताने काढून चिकटवायची, त्यामुळे निवड करणं भागच होतं. आपल्याला फुकटात हजार फोटो काढता येतात, म्हणून ती शिस्त आपण स्वतःला लावून घ्यायची.

ताज्या फोटोचा नियमही ढिला सोडू नका. जुना साठा उघडला की तीन वर्षांपूर्वीची लडाखची ट्रिप महिनाभर पुरते आणि माणूस त्या काळात कॅमेरा हातात घेत नाही.

३. आठवडा असा लावा

आमचं वेळापत्रक: फोटो काढायचे जमतील तेव्हा, बहुतेकांचे शनिवार-रविवारी होतात. सोमवारी पहिली चाळणी. बुधवारी पुन्हा पाहून एक निवडायचा. गुरुवारी रात्री दहापर्यंत पाठवायचा. शुक्रवार आणि शनिवार अभिप्रायाचे. रविवारी गट शांत.

दर महिन्याला एक जण पाळीवर असतो, भिशीत नंबर लागतो तसा. वेळेची आठवण करणं, फोटो एका फोल्डरमध्ये तारीखवार जमवणं आणि ज्याच्या फोटोवर कोणीच बोललं नाही त्याच्यावर स्वतः बोलणं, एवढंच त्याचं काम. हे काम कायम एकाच उत्साही माणसाकडे राहिलं तर वर्षभरात तो थकतो आणि गट बंद पडतो. पाळी फिरलीच पाहिजे.

एखादा आठवडा चुकला तर "या वेळी नाही" एवढं कळवायचं. कारण विचारू नका. मात्र फोटो नसला तरी अभिप्राय द्यायचाच.

४. फोटो निवडताना

काढल्या दिवशी निवडू नका. त्या दिवशी आपल्याला पहाटे चारला उठल्याचे कष्ट आठवत असतात आणि ते कष्ट फोटोत दिसतात असं वाटतं. पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत. दोन दिवस जाऊ द्या.

मग शेवटच्या तीन फोटोंना बोटाच्या पेराएवढं लहान करून पाहा. लहान आकारातही ज्यात काय चाललंय ते कळतं, तो सहसा टिकतो. त्यानंतर शंभर टक्के मोठा करून फोकस तपासा. माणूस किंवा पक्षी असेल तर डोळा शार्प आहे ना, एवढं आधी बघा. चारही कडांवरून एकदा नजर फिरवा: अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातली पांढरी पिशवी, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. आणि क्षितिज. समुद्र एका बाजूला ओतला जातोय असे फोटो आजही दर महिन्याला येतात.

५. फाइल तयार करणं आणि पाठवणं

नवखे सगळ्यात जास्त इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर.

फोटो निर्यात करताना जेपेग, लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि दर्जा ८० ते ८५ ठेवा. एवढ्यात मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवर नीट दिसतो आणि फाइलही आटोपशीर राहते. रंगांसाठी एसआरजीबी निवडा, ही बहुतेक पडद्यांना समजणारी रंगपद्धत आहे. कॅमेऱ्यात किंवा संगणकावर अ‍ॅडोबी आरजीबी ही दुसरी रंगपद्धत असेल आणि तसाच फोटो गेला, तर बऱ्याच पडद्यांवर तो फिका, मरगळलेला दिसतो आणि मग सगळे तुम्हाला उगाच सॅच्युरेशन वाढवायला सांगतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की फाइल लहान करण्यासाठी तो दाबला जातो. आकाशातल्या रंगछटांवर पट्टे उमटतात, पिसांचा पोत जातो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा पोचतो.

पण इथेच एक धोका आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलबरोबर तिच्या पोटातली सगळी माहितीही जाते. शटर स्पीड, आयएसओ, लेन्स ही माहिती गेली तर चांगलंच, शिकायला मिळतं. मोबाइलवर लोकेशन चालू असेल तर फोटो नेमका कुठे काढला तेही जातं. घरच्या गच्चीतून काढलेल्या फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा जातो, घुबडाच्या फोटोबरोबर त्याच्या ढोलीचा. निर्यात करताना लोकेशन काढून टाकण्याचा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो कायमचा चालू करून ठेवा. मोबाइलवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करता येतं.

फाइलचं नाव तारीख, तुमचं नाव आणि विषय असं ठेवा. वर्षअखेरीस शोधाशोध करताना याची किंमत कळते. वॉटरमार्क लावू नका. दहा ओळखीच्या माणसांत त्याची गरज नाही आणि तो नजर खेचून घेतो.

पाहणाऱ्यांसाठीही एक सूचना. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून आपण पडदा पिवळसर करणारी सोय चालू ठेवतो. ती बंद करा, ब्राइटनेस मध्यम ठेवा आणि मगच रंगांवर बोला.

६. सोबत दोन ओळी लिहा

फोटोखाली कुठे, केव्हा आणि तुम्हाला काय दाखवायचं होतं, एवढं दोन ओळींत लिहा. "निसर्गाची किमया", "क्षण एक पुरे" असलं काही नको. "सिंहगड पायथा, सकाळी सात. धुक्यातून येणारा दूधवाला दाखवायचा होता, पण सायकल आणि झाड एकमेकांत मिसळलंय का?" असं लिहिलंत तर अभिप्राय देणाऱ्याला धागा मिळतो. स्वतःचा प्रश्न विचारणाऱ्याला नेहमी जास्त चांगली उत्तरं मिळतात.

७. अभिप्राय: सगळा जीव इथे आहे

"मस्त", "अप्रतिम", "एक नंबर", टाळ्यांची चित्रं. हे ऐकायला गोड वाटतं आणि गट त्यानेच मरतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात लोकांच्या लक्षात येतं की इथे काहीच कळत नाहीये, आणि ते हळूहळू गप्प होतात.

म्हणून पद्धत बांधून घ्या. सभासदांची यादी करा. आपल्या नावाखालच्या तिघांच्या फोटोंवर प्रत्येकाने लिहायचंच. यादी संपली की पुन्हा वरून मोजायचं. म्हणजे प्रत्येक फोटोवर किमान तिघं बोलतात आणि कोणावर बारा फोटोंचा भार पडत नाही. यादीचा क्रम दर महिन्याला बदला, नाहीतर तीच तीन माणसं तुमचे फोटो पाहत राहतील.

लिहायचं तीन वाक्यांत. नजर आधी कुठे गेली. फोटोत काय पक्कं जमलंय. आणि एकच गोष्ट बदलायची झाली तर कोणती.

एक उदाहरण देते. आमच्यातल्या एका नवख्या मुलाने मार्केट यार्डातल्या फूलबाजाराचा फोटो पाठवला. पहाटेची वेळ, वर पिवळा दिवा, झेंडूचे ढीग आणि मध्ये हार ओवत बसलेल्या मावशी. एरवी पाच जणांचा "काय कलर आहेत!" एवढाच अभिप्राय आला असता. पद्धतीमुळे आलेले तीन अभिप्राय असे होते. पहिला: "माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या क्रेटवर गेली, मग मावशींच्या हातावर. सुईचं टोक चमकतंय ते फार सुंदर. डावीकडून क्रेट कापून बघ." दुसरा: "झेंडू नुसता केशरी गोळा झालाय, पाकळ्या दिसत नाहीत." तिसऱ्याने त्याचं कारण सांगितलं: झेंडू, जास्वंद, पळस अशा भडक लाल-केशरी फुलांत लाल रंगाचं चॅनेल, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद, आधी भरून वाहतं. कॅमेऱ्याचा साधा आलेख (हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती आहे ते दाखवणारा) सगळं ठीक आहे असं दाखवतो, पण लाल रंगातला तपशील उडालेला असतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) कमी ठेवायचं आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा आलेख दिसत असेल तर लाल रंगाचा पाहायचा. त्या मुलाने क्रॉप बदलून फोटो पुन्हा दाखवला, तेव्हा तो मावशींच्या हातांचा फोटो झाला होता. पुढच्या रविवारी तो परत तिथेच गेला.

काही गोष्टी टाळा. "मी असतो तर" ने वाक्य सुरू करू नका. फोटो काढणाऱ्याला पुन्हा तिथे जाता येणार नसेल तर "अजून दोन पावलं पुढे जायला हवं होतं" हे एकदाच सांगा, तीनदा नको. कॅमेऱ्याचं मॉडेल विचारून फोटोचं श्रेय त्याला देऊ नका. गटातल्या ज्येष्ठांनी शेवटी बोलावं असा अलिखित नियम ठेवा. सर आधी बोलले की बाकीचे फक्त माना डोलावतात.

आणि ज्याच्या फोटोवर बोललं जातंय त्याने लगेच सफाई देऊ नये. एक दिवस थांबावं, मग उत्तर द्यावं.

८. हे फोटो नकोत

घरटी आणि पिल्लं. गटात स्पष्ट बंदी ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना व्यत्यय आणणंही येतं. कायदा बाजूला ठेवला तरी, एका घरट्याची बातमी फुटली की दुसऱ्या रविवारी तिथे दहा लेन्स उभ्या राहतात आणि पक्षी घरटं सोडून जातो. काजव्यांचंही तेच. मेअखेर आणि जूनमध्ये भंडारदऱ्याकडे जाल तर टॉर्च बंद ठेवा आणि झाडाखालच्या गवतात शिरू नका. कास पठारावर फुलांच्या गालिच्यात झोपून काढलेला फोटो आमच्याकडे चालत नाही, कारण त्यासाठी फुलं चिरडली गेलेली असतात.

माणसांबाबत: ओळखू येणारा चेहरा असेल तर शक्य तिथे विचारा. आधी विचारलं तर क्षण जातो असं वाटत असेल, तर काढल्यावर दाखवा, आणि "नको" म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाका. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही. भीक मागणारी, झोपलेली, आजारी माणसं म्हणजे सोपा विषय नव्हे. वारीत वारकरी सहसा मोकळेपणाने फोटो काढू देतात, पण आंघोळीच्या आणि विश्रांतीच्या जागी कॅमेरा बंद ठेवावा, विशेषतः बायकांच्या बाजूला.

लष्करी हद्दीत कॅमेरा काढू नका. पुण्यात राहणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी लागते.

गटातला फोटो काढणाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर पाठवायचा नाही, हेही नियमांच्या पानावर लिहा. स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या फोटोंचं तसं नसतं, काही वेगळं ठरलं नसेल तर तो हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून लग्नाच्या ऑर्डरचे फोटो गटात टाकताना आधी त्या कुटुंबाला विचारा.

९. विषय सुचत नसेल तेव्हा

महिन्यातून एकच आठवडा ठरलेला विषय द्या, बाकी मोकळे. आपलं पंचांगच पुरेसे विषय देतं: पहिला पाऊस, दिवे घाटातली पालखी, गणपतीच्या आधी रंगणारे कारखाने, दिवाळीतले पोरांचे मातीचे किल्ले, थंडीतली ऊसतोड, फेब्रुवारी-मार्चचा पळस, एप्रिल-मेचा बहावा. नोकरीमुळे बाहेर पडता येत नसेल त्यांच्यासाठी घरातला विषय ठेवा: खिडकीतून येणारा उजेड, ओट्यावरची सकाळ, आजीचे हात. परदेशात असलेल्यांना तिथलाच आठवडा दाखवू द्या; दर वेळी गुढी आणि पुरणपोळीची अपेक्षा त्यांच्याकडून करू नका.

१०. वर्षातून एकदा कागदावर आणा

पडद्यावर चांगला दिसणारा फोटो कागदावर वेगळाच दिसतो, आणि ते कळायलाच हवं. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, तो मुहूर्त धरलात तर सगळ्यांना एक तारीख मिळते. प्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये भरवा, वाचनालयात भरवा किंवा पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनासारख्या ठिकाणी. मोठ्या दालनांच्या तारखा लवकर भरतात, अर्ज बराच आधी करा.

प्रिंटसाठी गटात पाठवलेली फाइल वापरू नका. २०४८ पिक्सेलची फाइल इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने जेमतेम ७ इंच जाते. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत, म्हणून मूळ फाइल सांभाळायच्या. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, तो १२ बाय १८ मध्ये बसवताना वरचं किंवा खालचं कापावं लागतं. त्यांच्यासाठी १२ बाय १६ घ्या. कागद लस्टर, म्हणजे कमी चकाकीचा, घ्या, ग्लॉसीवर दालनातले दिवे चमकतात. आणि सगळ्या प्रिंट एकदम टाकू नका. आधी दोन-तीन नमुने काढून पाहा: आपले पडदे फार उजळ ठेवलेले असतात, त्यामुळे पहिल्या प्रिंट बहुतेक वेळा गडद येतात आणि फाइल थोडी उजळ करून पुन्हा काढाव्या लागतात. त्यासाठी उद्घाटनाच्या आधी किमान दोन आठवडे हाताशी ठेवा.